विश्लेषण : छोट्या बोटीला इंजिन किती ताकदीचे? ओले एव्हिनरूड यांचे आयुष्य काय सांगते?

पावसाळा सुरू झाला की गोंदिया जिल्ह्यात बोटीचा विषय निघतोच. एरवी तो नवेगावबांध किंवा इटियाडोहच्या पर्यटकांपुरता असतो. वैनगंगा आणि बाघ नदीला पूर आला की तोच विषय जीवनमरणाचा होतो. बोट घेताना, मग ती सहलीची केबिन असलेली असो की गावकऱ्यांना बाहेर काढण्यासाठी असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो. मागे लावायचे मशीन किती हॉर्सपॉवरचे घ्यायचे? बहुतेकांचे उत्तरही ठरलेले असते. बजेटमध्ये बसेल तेवढे मोठे!

हे उत्तर अनेकदा चुकते. ते का चुकते हे समजून घ्यायचे तर ज्या माणसाने बोटीला मागून अडकवायचे इंजिन घरोघरी पोहोचवले, त्याचे आयुष्य पाहावे. ओले एव्हिनरूड हे त्यांचे नाव. मराठी कानाला ते पाण्याशी नाते सांगणारे वाटेल, पण तो निव्वळ योगायोग. नॉर्वेत ते एक साधे, जुने नाव आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, यंत्रांच्या मागे

एव्हिनरूड यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज या गावाजवळ शेती करू लागले. जवळच रिप्ली नावाचा तलाव होता. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली आणि मुलगा शेतीच्या कामाला लागला. मन मात्र अवजारांत आणि पाण्यात. किशोरवयात त्यांनी शिडाची होडी बांधायला घेतली. वडिलांना हा उद्योग पसंत नव्हता, तरी होडी अखेर तलावात उतरलीच, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगितले जाते.

सोळाव्या वर्षी ते घराबाहेर पडले. मॅडिसनमध्ये शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात, पुढे पिट्सबर्गच्या पोलाद गिरण्यांत आणि शिकागोत त्यांनी काम केले. नंतर मिलवॉकीत आले. तिथे ते साचेकार होते. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने अचूक मापात घडवणारा कारागीर म्हणजे साचेकार. धातूचा तुकडा कुठे जाड हवा आणि कुठे पातळ चालेल, याचा अंदाज ज्याच्या हातात असतो असा माणूस. पुढे त्यांच्या इंजिनाला जे यश मिळाले, त्याचे मूळ मला तरी या साचेकारीत दिसते.

विसावे शतक सुरू होताना मोटारगाड्यांचे वेड वाढत होते. एव्हिनरूड छोटी पेट्रोल इंजिने बनवण्याच्या धंद्यात शिरले. भागीदाऱ्या झाल्या, मोडल्या. हिशेब आणि पत्रव्यवहार ही त्यांची दुखरी बाजू. ती सांभाळली बेस कॅरी या तरुणीने. ओळख वाढत गेली आणि १९०६ च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले.

आइस्क्रीमची गोष्ट

लग्नाआधीच्या ऑगस्टमध्ये ही मंडळी मिलवॉकीजवळच्या ओकाउची तलावावर सहलीला गेली होती. ऊन रणरणते होते. बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान पलीकडच्या काठावर. एव्हिनरूड वल्हवत गेले आणि वल्हवत परतले, तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले होते. त्या दिवशी होडीला इंजिन लावण्याचा विचार पक्का झाला, अशी ही गोष्ट. कंपनीने ती पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्यामुळे तिला थोडा जाहिरातीचा रंग चढला असणारच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. होडीला मागून लावायचे इंजिन ही कल्पना एव्हिनरूड यांची नव्हती. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ट्रूवे यांनी १८८१ मध्येच सुटी करता येणारी विजेवरची मोटर होडीला लावून दाखवली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन हे एव्हिनरूड यांच्या थोडे आधी पेट्रोलवरची अशी इंजिने विकू लागले होते. मग नाव एव्हिनरूड यांचेच का राहिले? कारण ते ज्या प्रश्नावर काम करत होते तो वेगळा होता. वल्हवणाऱ्या माणसाची जागा घेण्यापुरती ताकद किती लागेल आणि ते यंत्र एका माणसाला उचलता येईल का, हा तो प्रश्न.

पहिला नमुना दिसायला ओबडधोबड होता. बेस यांना तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला म्हणतात. १९०९ मध्ये विक्रीला आलेल्या इंजिनाची ताकद होती दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो आणि किंमत ६२ डॉलर. एका मित्राने ते तलावावर चालवून पाहिले आणि येताना दहा मागण्या घेऊन आला. जाहिरातीचा मजकूर बेस यांनी लिहिला. वल्ही ठेवा आणि मशीन लावा, एवढाच त्याचा अर्थ. मागण्या वाढल्या. नॉर्वे, डेन्मार्ककडच्या मच्छीमारांपर्यंत माल गेला आणि १९११ मध्ये पेटंटही मिळाले.

दीड हॉर्सपॉवर पुरली कशी?

आज पाण्याच्या मोटारीला पाच हॉर्सपॉवर लावणाऱ्या शेतकऱ्याला दीडचा आकडा चेष्टेचा वाटेल. पण पाण्याचा हिशेब जमिनीसारखा नसतो.

पाणी कापत जाणारी होडी स्वतःच्या पुढे एक लाट उभी करते. वेग वाढतो तशी ही लाट लांबते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच केलेल्या खड्ड्यात सापडते. पुढचा भाग वर, मागचा खाली. त्यापुढे वेग वाढवायचा म्हणजे चढावर ओझे ओढण्यासारखे. इंग्लंडमधील अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात लांब हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून या लाटांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला.

त्यावरून आलेला ठोकताळा सोपा आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचे वर्गमूळ काढा आणि अडीचने गुणा. आलेला आकडा म्हणजे त्या होडीचा ताशी किलोमीटरमधला नैसर्गिक वेग. लांबी १६ फूट असेल तर वर्गमूळ चार आणि वेग ताशी सुमारे १०. लांबी २५ फूट असेल तर साडेबारा. एव्हिनरूड यांच्या काळची वल्हवायची होडी हलकी आणि लांबट होती. या मर्यादेच्या आतल्या वेगाला दीड हॉर्सपॉवर पुरत होती. त्या होडीला दहा लावली असती तरी वेग फारसा वाढला नसता. मागची बाजू पाण्यात गेली असती, हे मात्र नक्की.

मर्यादा ओलांडायचा एकच मार्ग असतो. बोटीने लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जायचे. त्यासाठी तळ सपाट आणि वजन कमी लागते, आणि ताकद थोडी नव्हे तर कित्येक पट जास्त लागते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. पाण्याला टेकणारी लांबी १६ फूट असलेली केबिनची बोट समजा. रिकामी बोट ७०० किलो, सहा माणसे ४०० किलो, मशीन, पेट्रोल, जॅकेट, सामान १५० किलो. एकूण १२५० किलो, म्हणजे सव्वा टन. संथ चालवायची तर टनाला चार ते पाच हॉर्सपॉवर धरतात, म्हणजे पाच-सहा. केबिनला वारा आडवा लागतो, त्यासाठी राखीव ताकद धरली तर आठ ते दहा. हीच बोट पृष्ठभागावरून घसरत न्यायची असेल तर दर १८ किलोला किमान एक हॉर्सपॉवर लागते, म्हणजे जवळपास ७०. त्यातही बोटीचा तळ त्या कामाचा असला पाहिजे.

मधल्या आकड्यांत बहुतेकांचे पैसे बुडतात. दहा पुरेल की नाही अशी शंका येते, ७० परवडत नाही, म्हणून ३० किंवा ४० चे मशीन घेतले जाते. बोट लाटेवर चढत नाही, नुसती नाक वर करून पाणी फेकत राहते. पूर्ण वेगात पेट्रोलचा खप साधारण दर दहा हॉर्सपॉवरमागे तासाला चार लिटर धरतात. म्हणजे तासाला ४ लिटरऐवजी १५ लिटर जाळून मिळतो जवळपास तेवढाच वेग.

सुखात असताना धंदा का विकला?

कंपनी भरात असताना बेस यांची प्रकृती ढासळली. १९१४ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयर यांना विकला. किंमत १ लाख ३७ हजार ५०० डॉलर. अट अशी की पाच वर्षे या धंद्यात पाऊल टाकायचे नाही. स्वतःचे आडनाव लावलेले इंजिन दुसऱ्याच्या मालकीचे झाले. नवरा-बायको आणि लहानगा राल्फ मोटारीने आणि बोटीने फिरत राहिले.

एव्हिनरूड यांचा हात मात्र रिकामा बसला नाही. करार त्यांनी पाळला, पण कागदावर नवे इंजिन आकार घेत होते. जुन्यात लोखंड आणि पितळ फार होते, नव्यात ॲल्युमिनियम आले. एका सिलिंडरऐवजी दोन आले, त्यामुळे हादरे कमी झाले. ताकद तीन हॉर्सपॉवर, म्हणजे दुप्पट. वजन मात्र सुमारे ४८ पौंड, म्हणजे जेमतेम २२ किलो. ताकद वाढवून वजन उतरवणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

करार संपल्यावर त्यांनी हे इंजिन आधी मेयर यांनाच देऊ केले. मेयर यांनी ते नाकारले. मग १९२० च्या सुमारास पती-पत्नींनी नवी कंपनी काढली. आडनाव वापरता येत नव्हते, म्हणून एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांची आद्याक्षरे जोडून एल्टो हे नाव तयार झाले. नावात हलके हा शब्द आहे, ताकदवान हा नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काही वर्षांतच एल्टोने जुन्या एव्हिनरूड कंपनीला घाम फोडला.

स्पर्धा तिथेच थांबली नाही. जॉन्सन बंधूंनी त्याच सुमारास दोन हॉर्सपॉवरचे, अवघ्या ३५ पौंडांचे इंजिन आणले आणि पुढे जास्त ताकदीची इंजिने काढून छोट्या होड्या लाटेवर चढवून दाखवल्या. लोकांना वेगाची चटक लागली. शर्यती सुरू झाल्या. १९२८ मध्ये एल्टोचे चार सिलिंडरचे, १८ हॉर्सपॉवरचे इंजिन आले. दीडवरून अठरावर यायला वीस वर्षेही लागली नाहीत. पण त्याच काळात होड्याही बदलल्या, त्यांचे तळ सपाट आणि बांधा हलका झाला. जुन्याच होडीला नवे मशीन अडकवण्याचा हा प्रकार नव्हता. बोटीसोबत इंजिन बदलते, हे आज खरेदी करताना विसरले जाते.

पुराच्या पाण्यात हिशेब का बदलतो?

तलावात ताशी १० किलोमीटरने जाणारी बोट पुरेशी असते. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. तिथे पाणी स्थिर. इटियाडोह हे गाढवी नदीवरचे धरण, तिथेही प्रवाहाची चिंता नाही, चिंता असते ती मोकळ्या पाण्यावरच्या वाऱ्याची. ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या डोंगा वल्हवत आले, ते हे पाणी ओळखून.

वैनगंगेच्या पुरात गणित उलटते. प्रवाह ताशी आठ-नऊ किलोमीटरचा असेल आणि बोटीचा नैसर्गिक वेग दहाचा, तर प्रवाहाविरुद्ध ती ताशी एक-दोन किलोमीटर सरकेल. दोन किलोमीटरवरच्या टोलीला पोहोचायला एक-दोन तास! प्रवाह थोडा वाढला की बोट जागेवर उभी, आणखी वाढला की मागे. केबिनच्या जड बोटीला कितीही मोठे मशीन लावले तरी ही अडचण पूर्ण सुटत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या पथकांकडे हवा भरलेल्या हलक्या, सपाट तळाच्या बोटी आणि त्यांना २५ ते ४० हॉर्सपॉवरची मशीन दिसतात, त्यामागे हे कारण आहे. माणसे कमी असली की अशी बोट लाटेवर चढते. ती माणसांनी गच्च भरली की चढत नाही आणि पुन्हा ताशी दहाच्या आसपास येते. जास्त माणसे एकाच फेरीत आणण्याचा मोह म्हणूनच घातक ठरतो.

उलट बाजूही आहे. ४० हॉर्सपॉवरचे मशीन ७० ते १०० किलोचे असते. ते बोटीच्या अगदी मागच्या फळीवर लटकते. चालवणारा मागे, पेट्रोलची टाकी मागे. छोट्या बोटीची मागची कड आधीच पाण्याजवळ येते. वेग एकदम कमी केला की मागून आलेली स्वतःचीच लाट आत शिरते. बोट बांधणारे म्हणूनच कमाल हॉर्सपॉवर आणि कमाल वजन लिहिलेली पट्टी बोटीवर लावतात. पट्टी नसेल तर बांधणाऱ्याकडून ते लेखी मागावे. पट्टीवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, घ्यायलाच हवा असा सल्ला नव्हे.

मंदी आणि शेवटची वर्षे

१९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवुड या तिघांचे एकत्रीकरण झाले. नव्या कंपनीचे प्रमुखपद ओले एव्हिनरूड यांच्याकडे आले. पंधरा वर्षांपूर्वी विकलेले स्वतःचे नाव असे परत मिळाले. पण त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. सहलीच्या होड्यांसाठी मशीन कोण घेणार? कंपनी कशीबशी तगली, आणि ती तगवण्याच्या कामात मुलगा राल्फ आता वडिलांबरोबर होता.

बेस यांनी धंद्यातून आधीच अंग काढून घेतले होते. मे १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. जाहिरात, पत्रव्यवहार, परदेशी ग्राहक, पैशांचा हिशेब हे सारे त्यांनी सांभाळले होते. इंजिनाच्या इतिहासात त्यांना आइस्क्रीम मागणारी तरुणी एवढीच जागा मिळते, हा अन्याय आहे. त्यानंतर चौदा महिन्यांनी, १२ जुलै १९३४ रोजी, ओले एव्हिनरूड गेले. वय ५७.

१९३६ मध्ये राल्फ यांच्या कंपनीने प्रतिस्पर्धी जॉन्सनही विकत घेतली. पुढची काही दशके जगभरच्या तलावांवर याच घराण्याची इंजिने धडधडत होती. २००० च्या अखेरीस मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, नाव कॅनडातल्या कंपनीकडे गेले आणि २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन थांबले.

आज खरेदी करताना काय पाहायचे?

आधी भरलेल्या बोटीचे वजन काढा, रिकाम्या बोटीचे नव्हे. विक्रेता रिकाम्या बोटीत एकटा बसून वेग दाखवतो, त्यावर जाऊ नका. मग वेग किती हवा ते ठरवा. तलावात सहलीसाठी संथ वेग पुरत असेल तर आठ-दहा हॉर्सपॉवरचे मशीन घ्या आणि त्याला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा लावा. जड बोट ढकलायला मोठा पंखा सावकाश फिरलेला बरा. नवेगावसारख्या जुन्या तलावांत पाणवनस्पती भरपूर असतात. पंख्यात वेल अडकली की मशीन दम टाकते, म्हणून बोटीत वल्ही आणि बांबू हवेतच.

पाणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतले असेल किंवा धरणाचे असेल, तर संबंधित विभागाच्या परवानगीशिवाय मशीन पाण्यात उतरवता येत नाही. यंत्रावर चालणाऱ्या बोटींच्या नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदाही आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात अशा तलावावर पेट्रोलच्या धडधडीपेक्षा विजेवरची छोटी मोटर बरी. ट्रूवे यांनी १८८१ मध्ये दाखवलेला मार्ग तोच होता.

मशीन बरोबर निवडले की नाही हे तपासायची साधी रीत आहे. ठरलेली सगळी माणसे आणि सामान घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजिनाचे फेरे मोजायचे. आजच्या बहुतेक मशीनना मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे अपेक्षित असतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. फेरे त्यापर्यंत पोहोचत नसतील तर बोट जड आहे किंवा पंखा चुकीचा आहे. आधी पंखा बदलून पाहावा, तो मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. फेरे पुढे जात असतील तर पंख्याचा पिच वाढवावा. जुने मशीन घेत असाल तर पैसे देण्याआधी पंखा, पाण्याचा पंप आणि गिअरचे सुटे भाग नागपुरात किंवा मुंबईहून मागवून मिळतात का, ते विचारून घ्यावे. उत्पादन थांबलेल्या नावांच्या बाबतीत तर नक्कीच.